इंग्रजी ब्रोशरमधे दोन मुख्य भूमिका कशा लिहायच्या? को-स्टार, को-लीड की अजून काही?

देवबाग_वारा (मालवण)

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे मालवणात, दोन अंकी नाटक बसवलंय, राज्य नाट्य स्पर्धेत करून झालं आणि आता गोव्यातल्या एका महोत्सवात प्रयोग मिळालाय. त्यांना ब्रोशर इंग्रजीत पाहिजे. नटांची यादी, कोण काय करतो आणि प्रत्येकाची चार ओळींची माहिती. आमच्यात इंग्रजी बरं म्हणून सगळ्यांनी माझ्याच गळ्यात घातलंय.

आता भानगड अशी की नाटक दोन जावांचं आहे. एकाच घरात राहतात, वाटणी व्हायची आहे, आणि अख्खं नाटक दोघींवर चालतं. कुणाची भूमिका मोठी असं सांगताच येत नाही, पहिल्या अंकात थोरली जास्त, दुसऱ्यात धाकटी. मराठी बोर्डावर आम्ही दोघींची नावं शेजारी शेजारी टाकतो, विषय संपतो. इंग्रजीत एकीच्या नावापुढे लीड आणि दुसरीच्या पुढे को-स्टार असं एकाने लिहून दिलं, तर धाकटी करणारी म्हणते म्हणजे मी काय सहकलाकार का, मी येत नाही गोव्याला. अजून छापलेलं नाही, नुसतं व्हॉट्सॅपवर फिरलं तरी एवढं.

दुसरं म्हणजे सासऱ्याचं काम दोघेजण करतात. एकाचा ट्रॉलर आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तो मोकळा, त्यामुळे पावसाळ्यातले प्रयोग त्याचे, आणि एकदा होड्या बाहेर पडल्या की दुसरा करतो, तो बँकेत आहे. दोघांचीही तालीम पूर्ण आहे, कुणी कुणाचा बदली नाही. ह्याला इंग्रजीत काय म्हणतात?

तिसरं, आमचा एक नट पहिल्या अंकात वकील आणि दुसऱ्या अंकात मुंबईवाला दीर करतो. डबल रोल लिहू का? की डबल कास्ट? दोन्ही शब्द लोकांनी सुचवलेत. माहितगारांनी सांगा, प्रिंटरला शुक्रवारी द्यायचंय.

---

सबटायटलवाली (मूळ गाव दापोली, सध्या डोंबिवली)

दादा, आधी धाकट्या जावेला सांगा की तिचा राग बरोबर आहे.

मी सबटायटल आणि क्रेडिटचं काम करते म्हणून हे शब्द रोज हाताखालून जातात. को-स्टार हा शब्द डिक्शनरीत बघितलात तर बरोबरीचा स्टार असाच अर्थ सापडेल, दोन किंवा जास्त स्टारांपैकी एक. पण पोस्टरवर आणि क्रेडिटमधे त्याची वागणूक वेगळी आहे. तिथे वर असतं स्टारिंग आणि त्याखाली येतं को-स्टारिंग, म्हणजे दुसरी पायरी. आणि आपल्याकडच्या सिनेमाच्या बातम्यांत तर को-स्टार म्हणजे सोबत काम करणारा कुणीही, हिरोपासून हिरोच्या मित्रापर्यंत. तीन ठिकाणी तीन अर्थ, त्यामुळे तुमच्या ब्रोशरमधे एकीला लीड आणि एकीला को-स्टार लिहिलंत की वाचणारा दुसरीला खालीच ठेवणार. दोघींना को-स्टार लिहिलंत तर चालेल पण तेही जरा फिल्मी वाटतं, स्टार म्हटलं की भूमिकेपेक्षा नटाचं वलय पुढे येतं आणि हौशी नाटकाला ते शोभत नाही असं माझं मत.

तुम्हाला हवाय तो शब्द को-लीड. दोघींच्या नावापुढे को-लीड. जॉइंट लीड्स पण चालतं, ब्रिटिश वळणाचं आहे. वाक्यात लिहायचं तर अमुक आणि तमुक शेअर द लीड, सरळ साधं. लीड हा शब्द भूमिकेबद्दल बोलतो, नट प्रसिद्ध आहे की नाही ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, आणि तुम्हाला तेवढंच सांगायचंय ना.

सिनेमात सुद्धा हा घोळ जुना आहे. ऑस्करमधे सहाय्यक भूमिकेचं बक्षीस १९३६ च्या सिनेमांपासून सुरू झालं, त्याआधी मोठं काम छोटं काम सगळे एकाच रांगेत. आता दोन रांगा झाल्यावर प्रश्न हा की दोन बायकांचा सिनेमा असेल तर कुणाला कुठे पाठवायचं. १९५० च्या 'ऑल अबाउट ईव्ह' मधून बेट डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर दोघी मुख्य भूमिकेच्या रांगेत होत्या आणि दोघींपैकी एकीलाही मिळालं नाही. १९९१ च्या 'थेल्मा अँड लुईस' च्या वेळी पण तसंच, सुझन सरँडन आणि जीना डेव्हिस दोघी मुख्य भूमिकेत. आणि मग २०१८ चा 'द फेव्हरेट' बघा, तीन बायका जवळजवळ तोडीस तोड, पण ऑलिव्हिया कोलमनला मुख्यमधे आणि बाकी दोघींना सहाय्यकमधे पाठवलं. कोलमनला मिळालं सुद्धा. ह्या प्रकाराला तिकडचे लोक चिडून कॅटेगरी फ्रॉड म्हणतात. तुमच्या धाकट्या जावेला हा शब्द सांगू नका फक्त 😄

सासऱ्याचं आणि डबल रोलचं रात्री लिहिते, आत्ता लोकलमधे आहे आणि ठाणं आलं.

---

गजालीकार (वेंगुर्ला)

आमच्या दशावतारात असला कायएक नसता बाबा. राजपार्ट कोण, स्त्रीपार्ट कोण, संकासूर कोण, इतक्या बोर्डार लिवला काय झाला. खाली ट्रिकसीनयुक्त लिवला का पब्लिक येताच.

पण एक खरा हा, संयुक्त दशावतार असलो आणि चार मंडळांचे नामवंत एकत्र इले का मगे बोर्डार कोणाचा नाव वर कोणाचा खाली ह्या वरना आयोजकाक झोप नाय. आमच्या गावात एकदा गोल बोर्ड करूया म्हणत होते, सगळी नावा चक्रासारखी, म्हणजे वर खाली काय ऱ्हवाचाच नाय. पेंटर तयार झालो नाय.

---

मास्तर_रिटायर्ड (रत्नागिरी)

गजालीकार, तुमच्या पेंटरला जे जमलं नाही ते हॉलिवूडने केलेलं आहे बरं का. १९७४ सालचा 'द टॉवरिंग इन्फर्नो', त्यात स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन दोघेही त्या काळचे एक नंबरचे, आणि पहिलं नाव कुणाचं ह्यावर गाडी अडलेली. मग तोडगा असा काढला की मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आणि न्यूमनचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला मॅक्वीन पहिला, वरून खाली वाचणाऱ्याला न्यूमन पहिला. ह्या तिरक्या रचनेला डायगोनल किंवा स्टॅगर्ड बिलिंग म्हणतात. बिलिंग म्हणजे जाहिरातीत नाव कुठे, केवढं आणि कितव्या क्रमाने ते. नाटकाच्या जाहिरातीच्या कागदाला प्लेबिल म्हणत त्यातला बिल.

देवबागकर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे असं मला वाटतं. भूमिका किती महत्त्वाची हा एक भाग आणि नाव कुठे छापायचं हा दुसरा. लीड, को-लीड, सपोर्टिंग हे शब्द पहिल्या भागाचे. टॉप बिलिंग, इक्वल बिलिंग, अबव्ह द टायटल हे दुसऱ्या भागाचे. भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या भागाचं असतं आणि लोक ते पहिल्या भागाच्या शब्दांनी भांडतात. मुख्य भूमिका नसलेल्या ज्येष्ठ नटाला पण टॉप बिलिंग मिळू शकतं, आणि मुख्य भूमिका करणारा नवखा मुलगा यादीच्या शेवटी इंट्रोड्यूसिंग म्हणून येऊ शकतो. आपल्याकडे पण शेवटी एक 'आणि' टाकून मोठं नाव ठेवतात ना, इंग्रजीत सुद्धा अँड किंवा विथ लावून शेवटचं नाव ठेवणं हा मानच समजतात.

मग दोघींची नावं कुठल्या क्रमाने? ब्रिटिश नाटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन सोयीच्या ओळी असतात, इन ऑर्डर ऑफ अपिअरन्स म्हणजे रंगमंचावर येण्याच्या क्रमाने, किंवा इन अल्फाबेटिकल ऑर्डर. ही ओळ वर छापली की कुणाला काही बोलायला जागा राहत नाही. तुमच्या नाटकात थोरली आधी येते की धाकटी ते बघा, आणि आडनावाने काय होतं ते बघा, आणि ज्याने वाद कमी होईल ती ओळ निवडा. हे लबाडीचं वाटेल पण बऱ्याच ठिकाणी असंच निवडतात.

जाता जाता. ग्रीक नाटकात प्रोटॅगनिस्ट म्हणजे पहिला नट, अगदी शब्दशः. आधी कोरसबरोबर नट एकच असे, दुसरा आणला एस्किलसने आणि तिसरा सोफोक्लिसने, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. दुसऱ्याला ड्यूटेरॅगनिस्ट. त्यामुळे जुन्या वळणाचे लोक म्हणतात की एका नाटकात दोन प्रोटॅगनिस्ट असूच शकत नाहीत. आज सर्रास म्हणतात. पण प्रोटॅगनिस्ट हे पात्र असतं आणि लीड ही भूमिका किंवा ती करणारा नट, एवढा फरक मात्र ब्रोशरमधे पाळा.

---

सबटायटलवाली (मूळ गाव दापोली, सध्या डोंबिवली)

आले परत. मास्तर नमस्कार, बिलिंगचं तुम्ही छान सोडवलंत, माझं काम वाचलं.

आता सासरे. इथे दोघेजण एकाच रात्री स्टेजवर नसतात, म्हणून को-लीड को-स्टार हे शब्द इथे अजिबात लावू नका, वाचणाऱ्याला वाटेल दोन सासरे आहेत नाटकात. एक भूमिका दोन नटांना देणं ह्याला डबल कास्टिंग म्हणतात, ती भूमिका डबल कास्ट आहे असं म्हणायचं. हा शब्द तालमीच्या खोलीतला आहे, ब्रोशरमधे थोडा ओबडधोबड दिसतो. ब्रोशरमधे पात्राच्या नावापुढे दोन्ही नटांची नावं तिरकी रेघ मारून द्या आणि खाली बारीक अक्षरात लिहा की द टू अ‍ॅक्टर्स अल्टरनेट इन द रोल. कृपा करून अल्टरनेटिव्हली लिहू नका, त्याचा अर्थ नाहीतर, किंवा, असा होतो. पाळीपाळीने म्हणजे अल्टरनेटली. आपल्या पत्रिकांत ही गडबड मी दर महिन्याला बघते. आणि तुमचे दोघे तर एक दिवस हा एक दिवस तो असंही करत नाहीत, मोसमाप्रमाणे करतात, तर सरळ शेअर द रोल लिहिलंत तरी उत्तम.

अल्टरनेट हे नाम म्हणून पण वापरतात, पण तिथे सांभाळा. लंडन न्यूयॉर्कच्या मोठ्या संगीत नाटकांत मुख्य गायिकेला आठवड्याचे सगळे आठ प्रयोग झेपत नाहीत, म्हणून ठरलेले एक-दोन प्रयोग दुसरी करते, तिला अल्टरनेट म्हणतात. तिचे प्रयोग आधीच जाहीर असतात. म्हणजे ती बदली नाही पण पहिली पण नाही, मुख्य नाव दुसरीचंच. तुमच्या बँकवाल्याला नुसतं अल्टरनेट लिहिलंत तर तोही गोव्याला येणार नाही 😀

अंडरस्टडी त्याहून वेगळा. तो रोज नाटकात असतोच, छोट्या कामात, आणि मोठं काम पाठ करून ठेवतो, कुणी आजारी पडलं तर उभा राहतो. स्टँडबाय म्हणजे ज्याला नाटकात दुसरं काम नाही, फक्त गरज पडली तर यायचं. स्विंग म्हणजे कोरसमधल्या बऱ्याच जणांची कामं ज्याला येतात असा, सगळ्यात कठीण नोकरी आणि सगळ्यात कमी कौतुक. आपण रिप्लेसमेंट म्हणतो तेव्हा पहिल्याने भूमिका सोडली आणि दुसऱ्याने घेतली असं असतं, म्हणजे 'नटसम्राट' मधे डॉ. लागूंनंतर दत्ता भट आले तसं. तिथे इंग्रजीत टूक ओव्हर द रोल म्हणतात, शेअर नाही.

बरोबरीने वाटून घेतलेल्या भूमिकेचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 'बिली इलियट' ह्या संगीत नाटकाचं. मुख्य भूमिका लहान मुलाची, नाच एवढा की एका पोराला रोज जमणं शक्यच नाही, म्हणून तीन पोरं पाळीपाळीने करायची. न्यूयॉर्कला २००९ मधे टोनी पुरस्कार द्यायची वेळ आली तेव्हा तिघांना मिळून एकच पुरस्कार दिला, सर्वोत्कृष्ट अभिनेता. आपल्याकडे विभागून म्हणतात तसं. इंग्रजीत हे जॉइंटली किंवा शेअर्ड. टाय मात्र वेगळं, टाय म्हणजे मतं सारखी पडली, जसं १९६८ च्या सिनेमांच्या ऑस्करला कॅथरीन हेपबर्न आणि बार्बरा स्ट्रायसँड दोघींना वेगवेगळ्या सिनेमांसाठी मिळालं. बायोडेटात स्पर्धेतलं विभागून मिळालेलं बक्षीस लिहिताना हे उपयोगी पडेल.

---

तिसरी_घंटा (कुडाळ)

वा काय धागा आहे, चहा थंड झाला वाचता वाचता.

मला एक विचारायचंय, दोन नट आपापसात भूमिका बदलतात त्याला पण अल्टरनेट म्हणतात का? म्हणजे आज मी नायक तू खलनायक, उद्या उलट. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत आम्ही हे करायचं म्हणत होतो, सरांनी हाकलून दिलं की एक तरी नीट करा.

---

मास्तर_रिटायर्ड (रत्नागिरी)

तुमचे सर व्यवहारी होते.

पण प्रकार मोठ्या परंपरेचा आहे. लंडनच्या न्यू थिएटरमधे १९३५ साली जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए ह्यांनी 'रोमिओ अँड ज्युलिएट' मधे रोमिओ आणि मर्क्युशिओ ह्या भूमिका आलटून पालटून केल्या. आधी ऑलिव्हिए रोमिओ, मग काही आठवड्यांनी अदलाबदल. पुढे १९५६ साली ओल्ड व्हिकमधे रिचर्ड बर्टन आणि जॉन नेव्हिल ह्यांनी ऑथेल्लो आणि इयागो असंच वाटून घेतलं. आणि २०११ मधे नॅशनल थिएटरने 'फ्रँकेन्स्टाइन' केलं, डॅनी बॉईलचं दिग्दर्शन, त्यात बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर, एकजण शास्त्रज्ञ तर दुसरा त्याने बनवलेला जीव, आणि पुढच्या खेळाला उलट. त्या दोघांना ऑलिव्हिए पुरस्कार (लंडनच्या नाटकांचा मोठा पुरस्कार) पण दोघांत मिळून एक.

इथे शब्दरचना अनेकवचनी होते. भूमिका एक आणि नट दोन असतील तर दे अल्टरनेट इन द रोल. भूमिका दोन, नट दोन आणि अदलाबदल असेल तर दे अल्टरनेट रोल्स किंवा दे स्वॉप रोल्स. फरक एवढासाच आहे पण तिकीट काढणाऱ्याला त्यावरून कळतं की नाटक दोनदा बघावं लागणार.

---

सबटायटलवाली (मूळ गाव दापोली, सध्या डोंबिवली)

ह्यात अजून एक भर, लंडनच्या अल्मेडा थिएटरने २०१६ मधे 'मेरी स्टुअर्ट' केलं, ज्युलिएट स्टीव्हन्सन आणि लिया विल्यम्स, आणि कोण राणी एलिझाबेथ आणि कोण मेरी हे रोज प्रेक्षकांसमोर नाणं फिरवून ठरायचं. म्हणजे दोघींना दोन्ही भूमिका पूर्ण तयार ठेवून विंगेत उभं राहायचं. मला तर नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो.

देवबाग दादा, तुमच्या दोन जावांचं पण करून बघा असं, भांडणच मिटेल.

---

देवबाग_वारा (मालवण)

नको नको, एकेकीची भूमिका पाठ करून घेताना दिग्दर्शकाचे केस गेलेत.

खूपच उपयोग झाला, दोघींना को-लीड आणि वर इन ऑर्डर ऑफ अपिअरन्स, असं ठरलं. थोरली आधी येते पण धाकटीचं म्हणणं पडलं की पडदा उघडतो तेव्हा आतून माझा आवाज येतो, म्हणजे मीच आधी. ह्यावर काय करायचं ते आम्ही बघतो 🙏

डबल रोलचं राहिलं. आणि बायोडेटातल्या वाक्यांचं पण. आमच्यातल्या एकाने स्वतःच लिहून दिलंय की ही हॅज अ‍ॅक्टेड अ‍ॅज हिरो इन मेनी ड्रामाज अँड एसेड व्हेरियस साईड रोल्स. मला कानाला बरं वाटतंय पण खात्री नाही. आणि जो वकील करतो तो मूळचा दशावतारी आहे, स्त्रीपार्ट करतो, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

---

मास्तर_रिटायर्ड (रत्नागिरी)

डबल रोल आपल्या देशात सगळ्यांना कळतो, गोव्यात तर कळणारच, पण बाहेरचे लोक ड्युअल रोल म्हणतात. तरी माझ्या मते तुमच्या वकिलाला दोन्ही लावू नका. आपल्याकडे डबल रोल म्हटलं की जुळे भाऊ, हरवलेले आणि सापडलेले, असंच डोळ्यासमोर येतं, तोंडवळा सारखा असणं ही कथेतलीच गोष्ट असते. तुमच्याकडे माणसं कमी म्हणून किंवा दिग्दर्शकाच्या कल्पनेने एकच नट दोन असंबद्ध पात्रं करतो. नाटकवाले ह्याला डबलिंग म्हणतात. डबलिंग आणि डबल कास्टिंग हे बरोबर उलटे शब्द आहेत, पहिल्यात नट एक आणि भूमिका दोन, दुसऱ्यात भूमिका एक आणि नट दोन. तुम्हाला लोकांनी दोन्ही सुचवले ते ह्यामुळेच.

डबलिंग कधी कधी मुद्दाम अर्थासाठी करतात. 'पीटर पॅन' मधे मुलांचा बाप आणि समुद्री चाच्यांचा म्होरक्या कॅप्टन हूक एकाच नटाने करायची पद्धतच पडून गेली आहे. पीटर ब्रूकने १९७० साली 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' मधे माणसांचे राजा-राणी आणि पऱ्यांचे राजा-राणी ह्यांना तेच दोन नट दिले. तुमचा वकील आणि दीर एकाच चेहऱ्याचे असणं दिग्दर्शकाला काही सुचवायचं असेल तर नाव एकदाच छापा आणि पुढे दोन्ही पात्रं. सुचवायचं नसेल तरी तसंच छापा, समीक्षक काढतील काहीतरी अर्थ.

हिरो शब्द मात्र काढा. इंग्रजीत हिरो म्हणजे गोष्टीतला शूर किंवा मध्यवर्ती पुरुष, काम करणाऱ्या नटाला हिरो म्हणत नाहीत. ही प्लेड द लीड इन सेव्हरल प्लेज, बस. पुरुष आणि स्त्री असा भेद दाखवायचा तर मेल लीड, फिमेल लीड. लीडिंग मॅन, लीडिंग लेडी हे शब्द आहेत, त्यांना जुन्या सिनेमाचा वास आहे, आणि हिज लीडिंग लेडी अशी मालकी लावून लिहिलेलं आज बऱ्याच जणींना आवडत नाही. हल्ली कित्येक बायका अ‍ॅक्ट्रेस न म्हणता स्वतःला अ‍ॅक्टरच म्हणवतात, तेव्हा दोघींना विचारून घ्या.

एसेड तर ताबडतोब काढा. एसे अ रोल ही मुख्यतः आपल्या वर्तमानपत्रांची लाडकी रचना, बाहेरच्या वाचकाला वाटेल ह्याने भूमिकेवर निबंध लिहिला. प्लेड लिहा. आणि साईड रोल नाही, सपोर्टिंग रोल. ड्रामाज नाही, प्लेज.

---

सबटायटलवाली (मूळ गाव दापोली, सध्या डोंबिवली)

मास्तरांशी ९० टक्के सहमत, साईड रोल हा शब्द मात्र मला आवडतो, त्यात खरेपणा आहे 😛 पण ब्रोशरमधे नको.

ह्याच पंगतीतला मल्टिस्टारर. तोही आपला देशी इंग्रजी शब्द, बाहेर ऑल-स्टार कास्ट म्हणतात. आणि सगळ्यांची कामं साधारण सारखी असतील तर एन्सेम्बल. तुमचं नाटक एन्सेम्बल नाही, दोघींचं आहे, तेव्हा कुणी भांडण टाळायला एन्सेम्बल लिहा सुचवलं तर ऐकू नका, दोघी मिळून तुमच्यावर येतील. आणि टू-हँडर पण नाही, ते म्हणजे अख्ख्या नाटकात दोनच नट.

एक अजून. बायोडेटात स्टार्ड ऑपोझिट लिहितात ते जोडीसाठी, बहुतेक वेळा नायक-नायिका असेल तेव्हा. दोन जावांसाठी ऑपोझिट चालू शकतं कारण समोरासमोर उभ्या आहेत, पण अलाँगसाइड जास्त बरं. दोघी भांडतात की एकत्र असतात ते नाटकाच्या शेवटावर ठरवा.

---

गजालीकार (वेंगुर्ला)

स्त्रीपार्टाचा मी सांगतंय. स्त्रीपार्टच लिवा. खयच्याय इंग्रजीत तेका शब्द नाय. आमचो एक दशावतारी रात्री द्रौपदी करता आणि सकाळी काजीच्या बागेत खत घालता, तेका तुमी काय नाव देतलास?

---

मास्तर_रिटायर्ड (रत्नागिरी)

गजालीकार बरोबर बोलतात. बालगंधर्वांबद्दल इंग्रजीत लिहिताना फिमेल इम्पर्सोनेटर असा शब्द वापरलेला सापडतो, पण आज त्याने नक्कल करणारा, करमणुकीसाठी बाईचं सोंग घेणारा असं काहीतरी मनात येतं. स्त्रीपार्ट तसाच ठेवा आणि पुढे एक वाक्य, की दशावतारात परंपरेने सगळी पात्रं पुरुष करतात, लिखित संहिता नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात, आणि हे अमुक त्यात स्त्रियांच्या भूमिका करतात. गोव्यात पेडण्याकडच्या लोकांना तर हेही सांगायला नको, दशावतार त्यांच्याकडे पण होतो.

आणि बालगंधर्वांचं नाव निघालंच आहे म्हणून. ८ जुलै १९२१ ला मुंबईत झालेला संयुक्त 'मानापमान' आठवा. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोघेही आपापल्या कंपनीचे मालक आणि आपापल्या नावावर थिएटर भरवणारे. को-स्टार शब्दाचा पहिला, डिक्शनरीतला अर्थ मला कुणाला शिकवायचा झाला तर मी हेच उदाहरण देईन. तिथे लीड म्हणून चालत नाही, कारण लोक धैर्यधराला बघायला आले नव्हते, केशवरावांना बघायला आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे केशवराव गेले.

---

तिसरी_घंटा (कुडाळ)

हे मास्तरांचं वाचून आता मला को-स्टार आणि को-लीड मधला फरक कळला, वरचं सगळं वाचून सुद्धा डोक्यात गेलं नव्हतं.

देवबागकर, प्रयोग मालवणात पण लावा की परत, मामा वरेरकर नाट्यगृहात, आम्ही कुडाळहून चारचौघं येऊ. आणि गोव्याचा प्रयोग कधी आहे? सासरा कोण आहे त्या दिवशी, ट्रॉलरवाला की बँकवाला? ते ब्रोशरमधे कसं कळणार बघणाऱ्याला?

---

देवबाग_वारा (मालवण)

हाच प्रश्न आत्ता तालमीत निघाला. गोव्याचा प्रयोग ऑक्टोबरात, म्हणजे बँकवाला करणार. पण त्या दिवशी त्याची ऑडिट निघाली तर ट्रॉलरवाला एक फेरी चुकवून येणार म्हणालाय. ब्रोशर तर आधीच छापून जाणार.

---

सबटायटलवाली (मूळ गाव दापोली, सध्या डोंबिवली)

त्याला उपाय आहे, न्यूयॉर्कचे लोक रोज करतात. ब्रोशरमधे दोघांची नावं ठेवा आणि प्रयोगाच्या दिवशी एक छोटी चिठ्ठी प्रत्येक ब्रोशरमधे सरकवा, अ‍ॅट धिस परफॉर्मन्स द रोल ऑफ अमुक विल बी प्लेड बाय तमुक. चिठ्ठ्या दोन्ही नावांच्या आधीच झेरॉक्स करून न्या, एका कागदात आठ बसतात. शिवाय बाहेर पाटीवर लिहा आणि तिसऱ्या घंटेआधी घोषणा करा. तीन ठिकाणी सांगितलं की नंतर कुणी तक्रार करत नाही.

घोषणेत आजारी, अडचणीमुळे वगैरे काही बोलू नका. नाहीतर लोकांना वाटतं दुय्यम माल मिळतोय.

---

देवबाग_वारा (मालवण)

झालं, प्रिंटरला दिलं. दोघी को-लीड, सासऱ्यापुढे दोन नावं, वकिलाचं नाव एकदाच. ऑर्डर ऑफ अपिअरन्स शेवटी काढलं, अल्फाबेटिकल टाकलं, कारण दोघींचं आडनाव एकच आहे आणि पहिल्या नावाने धाकटी आधी येते, आणि थोरली म्हणाली मला काय फरक पडत नाही, पण म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.